मागच्या दाराची काडी

मोहिनी पगारे माझ्या प्रयोगशाळेत कामाला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या छापील फॉर्मातला एक शब्द खोडला. मला न विचारता. फॉर्मात तीन रकाने होते : घड, बाळी, वांझ. तिनं तिसऱ्या शब्दावर काट मारली आणि वर बारीक अक्षरात ‘रिकामा’ लिहिलं. मी मुळात तापट. त्यात ही प्रयोगशाळा सांभाळून सव्वीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यानं तो तापटपणा आणखी मुरला. मी म्हटलं, “अगं, हा शेतकऱ्यांचा शब्द आहे, माझा नाही.” ती म्हणाली, “मग त्यांना बोलू दे मॅडम. आपण कशाला छापायचा?” पुढच्या खेपेला फॉर्म छापून घेतले तेव्हा मी मुकाट्यानं ‘रिकामा’ घातलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला डोळेफोडीचं. पिंपळगाव बसवंतच्या आजूबाजूला सगळी द्राक्षं. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा. दुसऱ्या छाटणीनंतर घड बाहेर येतात, पण त्यांचं ठरलेलं असतं आधीच्या उन्हाळ्यात. काडीवर जे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब असतात, त्यांच्या पोटात मे महिन्यातच घड धरतो किंवा धरत नाही. बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात. म्हणून शेतकरी छाटणीआधी काड्या आमच्याकडे आणून देतात. आम्ही प्रत्येक डोळा ब्लेडनं पातळ पातळ कापत जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. आत घड आहे, की वेल ज्यानं आधार धरते त्या तणाव्यासारखी नुसती बाळी, की काहीच नाही.

यात एक गोष्ट आहे जिचा मी कधी फारसा विचार केला नव्हता. आत काय आहे हे बघायचं तर डोळा कापावा लागतो. कापला की तो संपला. ज्या डोळ्यात आम्ही घड पाहिला, त्याचा घड कधी कुणी खाल्ला नाही.

मोहिनीचा हात माझ्यापेक्षा हलका होता. दिवसाला दोनशे डोळे कापायची आणि मान वर करायची नाही. तिचं एमएस्सी नाशिकला झालं होतं, माहेर चांदवडकडचं. नवरा संघर्ष इथल्याच एका पॅकहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, शांत माणूस, शब्द मोजून वापरणारा. घरात तिसऱ्या विमलाबाई, तिच्या सासूबाई. या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागेत घड विरळले, मणी तोडले, जीएच्या पाण्यात घड बुडवले. जीए म्हणजे मणी फुगवायचं संप्रेरक. ते पाणी भरलेला मग घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, पुढं सरकायचं. विमलाबाईंचा उजवा हात त्या पाण्यात इतकी वर्षं गेला की बोटांची कातडी डाव्या हातापेक्षा वेगळी दिसायची. सहीपुरतंही अक्षर नव्हतं त्यांना. सुनेनं पन्नाशीत लिहायला शिकवलं.

शिकवलं तेही मजेशीर. विमलाबाई आधी पट्टीनं एक लांब सरळ रेघ ओढायच्या आणि मग त्या रेघेला खालून एकेक अक्षर लटकवायच्या. तसं लिहिणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

लग्नात मोहिनीला कुणीतरी थॉमसन द्राक्षाचं रोप भेट दिलं होतं. विमलाबाईंनी ते मागच्या दाराशी लावलं. तांदूळ धुतलेलं पाणी त्याला, भांडी विसळलेलं पाणी त्याला. वेल छपरापर्यंत गेली, पानं भरपूर, घड नाही. मोहिनी हसून सांगायची, “मॅडम, अख्ख्या तालुक्याचे डोळे तपासते मी, आणि माझ्याच दारची वेल नुसती पानांची.” मी म्हणायची, छाटणीच्या वेळेला कुणी हात लावत नाही, घड येणार कुठून. हे बोलणं वेलीबद्दलच होतं, असं मला वाटायचं.

लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा तिनं मला सांगितलं की ती नाशिकला एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. वय चौतीस, पण रक्ताच्या तपासणीत अंडाशयात अंड्यांची शिल्लक फार कमी निघाली. ती हे अगदी आमच्या अहवालाच्या भाषेत सांगत होती, त्यामुळे मला कसं वागावं कळेना. मी तिला चहा करून दिला आणि त्यात साखर घालायला विसरले.

एकदा संघर्षला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. मी वनस्पतिशास्त्राची आहे कळल्यावर तर त्यांना मोठंच विद्यार्थीमंडळ मिळाल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, अंडाशयात वाढ म्हणजे सगळा निरोपांचा खेळ असतो. अंडं स्वतः गप्प बसलेलं नसतं. ते ग्रोथ फॅक्टर सोडतं, म्हणजे वाढीचे निरोप धाडतं, की भोवतालच्या पेशींनो, वाढा, मला पोसा. भोवतालच्या पेशी उलट निरोप देतात. काही निरोप वाढवणारे, काही थोपवणारे. मोहिनीच्या रक्तात जो तपासला, तो एएमएच नावाचा निरोपही त्याच कुळातला, ज्यांच्या आत एकेक अंडं असतं त्या लहान लहान पुटकुळ्यांच्या पेशी तो सोडतात. या महिन्यात जे अंडं पिकतं त्याची वाढ कित्येक महिने आधी सुरू झालेली असते. अनेक पुटकुळ्या एकदम निघतात, एक पुढं जाते, बाकीच्या जिरतात.

“आमच्याकडेही जिरतात,” मोहिनी म्हणाली. घड धरतो आणि मग निरोप बदलला की त्याची बाळी होऊन जाते, त्याला सगळा तालुका घड जिरणं म्हणतो.

मग डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. काळपट करड्या रंगात दोन काळी गोल छिद्रं होती, त्या दोनच पुटकुळ्या. मी तीस वर्षं डोळे कापतेय. कापलेला रिकामा डोळा भिंगाखाली अगदी असाच दिसतो. मी खिडकीकडे बघू लागले. निघताना त्या सहज म्हणाल्या, “मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी अंडी तयार झालेली असतात. नंतर भर पडत नाही, कमीच होत जातात.” गाडीत बसल्यावर मोहिनी म्हणाली, “म्हणजे मॅडम, मी आजीच्या घरी होते तेव्हाच. आई आजीच्या पोटात होती तेव्हा.”

त्याच सप्टेंबरात पहिली काडी आली.

प्रयोगशाळेच्या ओसरीवर मी एक लाकडी ट्रे ठेवला आहे. शेतकरी सकाळी बागेत जाता जाता काड्या त्यात टाकून जातात, बरोबर चिठ्ठी : नाव, गाव, प्लॉट, वाण, वेलीचं वय, मागच्या वर्षीचे घड. त्या दिवशी ट्रेमध्ये एकच काडी होती, बारा डोळ्यांची, जुन्या लुगड्याच्या किनारीनं बांधलेली. चिठ्ठीवर वर सरळ रेघ होती आणि तिला लटकवलेली अक्षरं. नाव : मोहिनी संघर्ष पगारे. प्लॉट : मागचं दार. वय : ३४. मागच्या वर्षीचे घड : नाही.

वेल सहा वर्षांची होती. चौतीस वर्षांची मोहिनी होती.

मोहिनीनं चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मला वाटलं ती काडी टाकून देईल. तिनं स्टूल ओढलं, ब्लेड बदललं आणि पहिल्या डोळ्यापासून सुरुवात केली. भिंतीपलीकडे शीतगृहाचं यंत्र घरघरत होतं, ते तसं नेहमीच घरघरतं, पण त्या दिवशी मला ते ऐकू आलं. बारा डोळे झाले. तिनं फॉर्म भरला. बारा रिकामे. ऑक्टोबरात नाशिकला तिची अंडी काढायला घेतली, तेव्हा सुईत काहीच आलं नाही.

योगायोग, मी म्हटलं. एका काडीवरून वेलीचं काही सांगता येत नाही, एकरात दहा काड्या लागतात, हे मी शेतकऱ्यांना तीस वर्षं सांगत आलेय. मोहिनीनं मान डोलावली. जी माणसं वाद घालत नाहीत त्यांचा मला राग येतो.

दुसऱ्या वर्षी मी पहाटेच ओसरीवर जाऊन बसले. हा चावटपणा खरंच विमलाबाईच करतायत का, ते बघायचंच होतं मला. उजाडता उजाडता विमलाबाई आल्या, हातात काडी, पदरानं झाकलेली. मला बघून थबकल्या, पण लपवली नाही.

“विमलाबाई, हे काय चालवलंय तुम्ही?”

“मॅडम, आमच्यात भगत नाय, अंगारा नाय, नवस नाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आमचे मालक, संघर्षचे बाप, म्हणायचे, जे डोळ्यानं दिसंल तेच खरं मानायचं. तुमी मशिनीत बघता ना? अख्खा पिंपळगाव तुमचं ऐकून छाटतो. मंग माझ्या सुनंचं तेवढं बघा.”

“अहो, ही वेल आहे. ती बाई आहे.”

“तिच्याच नावानं लावलीय,” त्या म्हणाल्या. “तिच्याच हातचं पाणी पेलीय. दुसऱ्या कुणाची काडी आणून दिऊ?”

मला रागवायचं होतं. पण एवढ्या बायका मंदिरांच्या पायऱ्या झिजवतात, बुवांच्या पाया पडतात, त्या सगळ्यांना सोडून ही बाई भिंग असलेल्या जागी आली होती. माझं सगळं आयुष्य लोकांनी भिंगावर विश्वास ठेवावा म्हणून गेलं. आता हिला कोणत्या तोंडानं सांगू की भिंगावर इतका विश्वास ठेवू नका. मी काडी घेतली. विमलाबाईंना पाणी दिलं. त्यांचा उजवा हात ग्लासाभोवती होता, आणि त्या बोटांवर दुसऱ्या कुणाचीतरी कातडी असल्यासारखं मला वाटलं.

“मोहिनीला माहीत आहे?”

“अक्षर तिनंच शिकवलं,” विमलाबाई म्हणाल्या.

त्या वर्षी सातव्या डोळ्यात घड दिसला. लहान, पण स्पष्ट, फांद्या फुटलेला. मोहिनीनं मला बोलावून दाखवला. मग हलक्या हातानं पुढचा पापुद्रा कापला आणि तो घड पात्यावर येऊन मोडला. त्या हिवाळ्यात तिला दिवस गेले.

आम्ही कुणाला सांगितलं नाही. ती रोज दुपारी पोळी-भाजीबरोबर एक सफरचंद खायची, एवढाच फरक. विमलाबाई दोनदा येऊन गेल्या, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, असं करू नका. त्या म्हणाल्या, मशिनीला नाय, तुमाला.

नवव्या आठवड्यात पोटातल्या बाळाचं हृदय थांबलं.

मोहिनी चौथ्या दिवशी कामावर आली. त्या दिवशी तिनं एकशे ऐंशी डोळे कापले. संध्याकाळी विमलाबाई आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. “मॅडम, मशिनीत तर घड दिसला होता. मंग गेला कुठं?” मी म्हटलं, “जिरतो कधी कधी.” त्यांनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी हा शब्द बागांमध्ये ऐकला होता. त्या उठल्या आणि जाताना उजवा हात पदराला पुसला, पुन्हा पुन्हा, जसं काही त्याला अजून ते पाणी लागलेलं होतं.

पुढच्या जूनमध्ये विमलाबाई गेल्या. सकाळी मागच्या दारात बसल्या बसल्याच. मी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला भावाकडे पडून होते, मातीला जाता आलं नाही. फोनवर मोहिनी फक्त म्हणाली, “आई गेल्या.” सासू म्हणून नव्हे, अगदी पोरकी झालेली मुलगी बोलते तशी. त्या दिवशी मी फार रडले, आणि भावाला वाटलं गुडघा दुखतोय.

मोहिनीनं आणि संघर्षनं ठरवलं होतं की आता एकदाच, शेवटचं. त्यानंतर हा विषय बंद. डॉक्टरीणबाईंनी त्या वेळी तिचंच रक्त काढून, ते फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग तिच्या अंडाशयात सुईनं सोडला होता. प्लेटलेटमध्ये वाढीचे निरोप साठवलेले असतात, तेच जागेवर नेऊन पोहोचवायचे, अशी कल्पना. अजून प्रयोगच आहे, उपयोग होईल याची खात्री देत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मोहिनी मला म्हणाली, “घ्या मॅडम, मलाही बुडवून काढलं जीएच्या मगात.” आम्ही दोघी हसलो. त्या मगाबद्दल हसणारी तिसरी बाई आता राहिली नव्हती.

सप्टेंबर लागला. मोहिनीची रोजची इंजेक्शनं सुरू होती म्हणून ती रजेवर होती. इंजेक्शनांच्या अकराव्या दिवशी सकाळी मी एकटीच प्रयोगशाळा उघडायला गेले आणि ओसरीवरच थांबले.

ट्रेमध्ये एक काडी होती. बारा डोळ्यांची, लुगड्याच्या किनारीनं बांधलेली. चिठ्ठीवर पट्टीनं ओढलेली रेघ, रेघेला लटकवलेली अक्षरं. मोहिनी संघर्ष पगारे. मागचं दार. वय : ३६. मागच्या वर्षीचे घड : एक, जिरला.

मी कापलेल्या टोकावर बोट ठेवलं. ओलं होतं. नुकतीच तोडलेली.

मी स्वतःला सांगितलं की मोहिनीनं आणली असेल, सासूची आठवण म्हणून. नाहीतर संघर्षनं. अक्षर काय, उचलता येतं. काडी टाकून द्यायला हवी होती. मी ती आत घेऊन गेले, दार लावलं आणि कापायला बसले. का बसले, ते आजही सांगता येत नाही. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. प्रत्येक डोळ्यात तेच करडं, त्यात तेच काळं छिद्र. सातवा कापला तेव्हा त्याचा मधला कोंबच करपून गेलेला होता, आतल्या आत, बाहेरून हिरवागार. बारावा संपला, आणि शीतगृहाचं यंत्र कधी बंद पडलं होतं ते मला कळलंच नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच ओसरीवर मोहिनीची चप्पल वाजली.

ती नाशिकहून थेट आली होती. तपासणीत यावेळी एकच पुटकुळी दिसली होती. एक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की एकासाठी एवढं सगळं करायचं की इथंच थांबायचं, हे तुम्ही ठरवा. शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला घ्यावं लागतं, म्हणून आज संध्याकाळपर्यंत कळवा. संघर्ष म्हणाला होता, तू म्हणशील तसं. ती माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा सुजलेला, दंडावर रक्त काढल्याचा कापूस तसाच. तिची नजर टेबलावरच्या लुगड्याच्या किनारीवर गेली. मग चिठ्ठीवर. तिनं ती उचलून वाचली.

“आली?” ती म्हणाली.

“आली.”

“काय निघालं?”

मी आजवर एकाही अहवालात खोटं लिहिलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाची अख्खी बाग रिकामी निघाली होती, तेव्हाही तसंच लिहून दिलं, आणि तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी म्हटलं, “सातव्यात घड आहे.”

“लिहून द्या,” मोहिनी म्हणाली.

मी फॉर्म काढला. नाव, प्लॉट, वाण. घड : सातवा डोळा, एक, चांगला. सही केली, शिक्का मारला. शिक्का मारताना ती माझ्या हाताकडे बघत होती. करपलेल्या डोळ्याचे काप तिथंच काचेवर होते, तिनं एकदा खाली वाकून भिंगातून बघितलं असतं तर सगळं संपलं असतं. तिनं बघितलं नाही. फॉर्मची घडी घातली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “मी येते,” ती म्हणाली. “एकासाठी.”

त्या एका पुटकुळीतून एक अंडं मिळालं. त्याचा एक गर्भ झाला. तो जिरला नाही.

मुलगी झाली, जूनच्या शेवटी, अडीच किलोची. बारशाला नाव ठेवलं पायल. मी जुलैत बाळाला बघायला घरी गेले. बाळ झोपलं होतं, मुठी वळलेल्या, कपाळावर विमलाबाईंसारखी आडवी आठी. मोहिनी चहा टाकायला उठली, तिच्यामागं मी सहज मागच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले.

मागं सिमेंटचा कोबा होता. धुण्याचा दगड, नळ, दोरीवर बाळाची दुपटी.

“वेल कुठं आहे गं?” मी विचारलं.

“वेल?” मोहिनी म्हणाली. “ती तर आईंच्या मातीच्या दिवशीच तोडली ना मॅडम. मांडव घालायला आड येत होती. भाऊबंदांनी बुडातून काढली. मग मुळासकट खणून ह्यांनी कोबा करून घेतला.”

“गेल्या वर्षीच्या जूनमध्ये?”

“हो.”

“मग सप्टेंबरातली काडी कुणाची होती?”

मोहिनीनं गॅस बंद केला. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी थट्टा होती, मग ती हळूहळू उतरत गेली. “तुम्ही बांधली नव्हती?” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्हीच. कुठल्या तरी बागेतली काडी आणली, आईंची आदल्या वर्षीची चिठ्ठी फाइलमधून काढून तसं अक्षर गिरवलं, आणि माझ्यासाठी घड लिहिला. वेलच नव्हती मॅडम. तुमचा अहवाल खोटा आहे हे मला माहीत होतं तेव्हाच.”

“तरी गेलीस?”

“म्हणूनच गेले,” ती म्हणाली. “मला वाटलं, आई गेल्या तरी कुणीतरी माझ्यासाठी मागच्या दाराची काडी आणतंय. खोटी का होईना. मग त्या एकासाठी मी का नाही जायचं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमच्यासारखं माणूस माझ्यासाठी खोटं बोललं. तो कागद मी बाळाच्या दाखल्याबरोबर ठेवलाय.”

मी खरं सांगितलं. काडी मी बांधली नाही, ती ओली होती, बाराही डोळे रिकामे होते आणि सातवा करपलेला. मी सगळं सांगितलं कारण खोटं मला एकदाच जमलं होतं. संघर्ष कामावरून आल्यावर त्यालाही विचारलं. त्यानं मान हलवली, नाही. कोब्याकडं कुणी बघितलं नाही. बाळ उठलं आणि रडू लागलं, तेव्हा आम्हा तिघांनाही बरं वाटलं.

हे या वर्षाचं. मोहिनी अजून रजेवर आहे, नव्या मोसमात येईन म्हणते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे सकाळी ओसरीवर गेले. खेडगावच्या कुणाच्या तरी काड्या होत्या, वडनेरच्या होत्या, आणि त्यांच्या खाली, लुगड्याच्या किनारीनं बांधलेली एक काडी होती.

रेघ सरळ होती. खाली लटकवलेली अक्षरं होती. नाव : पायल संघर्ष पगारे. प्लॉट : मागचं दार. वय : अडीच महिने. मागच्या वर्षीचे घड, हा रकाना कोरा सोडला होता.

मी काडी आत नेली. टेबलावर ठेवली. टोक ओलं होतं, ते मी बघून ठेवलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, मुलगी येते तेव्हा सगळं घेऊनच येते. म्हणजे या काडीत जे आहे ते आहेच. मी बारा डोळे मोजले. हिरवे, टपोरे, बाहेरून सारखे. ब्लेडचं पाकीट हाताशीच होतं आणि माझी बोटं आपोआप तिकडं गेली, हे मी कबूल करते. मग त्या बोटांकडे मी बघितलं आणि हात मागं घेतला.

आयुष्यात मी जेवढे डोळे आत डोकावून बघितले, त्यातला एकही फुटला नाही. जे फुटले, ज्यांची द्राक्षं पेट्या भरभरून गेली, ते सगळे मी कधी न बघितलेले होते. एवढी साधी गोष्ट कळायला मला तीस वर्षं आणि एक मेलेली बाई लागली.

किनार सोडली नाही. चिठ्ठी फाडली नाही. प्रयोगशाळेमागं नळाखाली ओली माती आहे, तिथं काडी तशीच खोचली. रोज सकाळी ओसरीवरचा ट्रे रिकामा करण्याआधी मी तिला पाणी घालते. मोहिनीला अजून सांगितलेलं नाही. पाणी घालताना मी तोंड दुसरीकडे करते, आणि डोळे फुटलेत का, ते बघत नाही.